कोंबडीची नोंद करा, तिला लपवायला लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोमवारच्या अंकात शहरातल्या कोंबड्या उचलण्याच्या पालिकेच्या मोहिमेची बातमी वाचली. तिच्याच खाली, घराशेजारी कोंबडी म्हणजे घराशेजारी बर्ड फ्लू, असे बजावणारे एका वाचकाचे पत्रही वाचले. रात्रभर ते डोक्यातून गेले नाही. बातमीत ‘अकरा पक्षी ताब्यात घेतले’ असे एक वाक्य आहे. त्या अकरांतल्या सहा कोंबड्या माझ्या होत्या.

गेल्या मंगळवारी साडेदहाच्या सुमारास दोघे जण टेम्पो घेऊन आले. पाच कोंबड्या परसात पपईखाली माती उकरत होत्या. सहावी, तांबडी, न्हाणीमागच्या डालग्याखाली खुडूक बसली होती. तिच्याखाली नऊ अंडी होती. बसवली होती अकरा, पण सातव्या रात्री मोबाइलच्या बॅटरीपुढे धरून पाहिली तेव्हा दोन रिकामी निघाली, ती काढून टाकली. मंगळवार म्हणजे एकोणिसावा दिवस. ज्यांनी कधी कोंबडी बसवली असेल त्यांना एकोणिसावा दिवस काय असतो ते सांगायला नको. या दिवसांत कोंबडी दाण्यापाण्यालाही उठत नाही आणि आपणही अंड्यांना हात लावायचा नसतो.

मी त्या मुलाला म्हटले, “बाळा, बाकीच्या ने. हिला दोन-तीन दिवस राहू दे, पिल्ले निघाली की मी स्वतः आणून देते.” तो म्हणाला, “मावशी, आम्हाला वर आकडा द्यायचा असतो.” त्याने डालगे उचलले आणि तिला पायाला धरून ओढले. पिसे फुलवून ती त्याच्या मनगटावर चोच मारत होती. सुतळीने पाय बांधून, डोके खाली करून तिलाही इतर पाचांबरोबर एकाच पोत्यात घातले. प्राण्यांना क्रूरपणे वागवू नये म्हणून १९६० पासून आपल्या देशात कायदा आहे आणि त्रास होईल अशा रीतीने त्यांची ने-आण करणे हा त्यात गुन्हा आहे. मी पावती मागितली. पुस्तक संपले आहे, असे उत्तर मिळाले. माझ्या कोंबड्या कुठे नेल्या, जिवंत आहेत की नाहीत, हे आज आठवडा झाला तरी मला कोणी सांगितलेले नाही. पालिकेत तीन फेऱ्या मारल्या. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवतात.

ते गेल्यावर अंड्यांना हात लावून पाहिला, अजून कोमट होती. मिक्सरच्या खोक्यात जुनी गोधडी घातली, साठचा बल्ब सोडला आणि शेजारी वाटीभर पाणी ठेवले, कारण कोरड्या उबेत आतला पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो आणि त्याला फिरता येत नाही. रात्री तासातासाला उठून अंडे गालाला लावून पाहत होते. बुधवारी रात्री एक कानाशी धरले तर आतून टकटक आणि अगदी बारीक चिवचिव ऐकू आली. शुक्रवारी पहाटेपर्यंत चार पिल्ले बाहेर आली. पाचव्याने कवचाला भोक पाडले आणि ते तिथेच थांबले. राहिलेली चार अंडी संध्याकाळी पेरूच्या बुंध्याशी पुरली. ही अंडी माझ्या दिरांनी गावाहून कोंड्यात घालून एसटीने आणली होती, कारण माझ्याकडे कोंबडा नाही.

कोंबडा का नाही, तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी मागच्या सोसायटीतल्या एक बाई आल्या आणि म्हणाल्या, बाळ चार वाजता दचकून उठते. मला त्यांचे पटले. त्याच रविवारी कोंबडा दिरांकडे पोचवला. माझे खुराडे त्या सोसायटीच्या कितीतरी आधीचे आहे, हे मी त्या वेळी काढले नाही. आता काढते. माझ्या सासूबाई इथे कोंबड्या पाळत होत्या तेव्हा हे गाव होते आणि सोसायटीच्या जागी ज्वारी उभी असायची. आम्ही कुठे गेलो नाही, हद्द आमच्यावरून पुढे गेली. पुण्यातच बघा, २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे एका आदेशाने शहरात आली. अशा गावांतल्या परसातल्या कोंबडीचे काय करायचे, याचा विचार हद्दवाढीचा कागद काढताना कोणी केला होता का?

आता बर्ड फ्लूचे. पत्रलेखकांची भीती मी झटकून टाकत नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला काय झाले ते आठवते. तिथे मोठमोठ्या शेडमधल्या लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळ मुरुंब्याच्या पोल्ट्रीत शेकडो मेल्या. आणि २०२५ च्या जानेवारीत उरणच्या चिरनेरमध्ये हा रोग निघाला तो परसातल्या कोंबड्यांतच. हे मी लपवत नाही. पण रोग निघाल्यावर सरकार काय करते? भोवतालच्या एक किलोमीटरमधले सगळे पक्षी मारते आणि दहा किलोमीटरपर्यंत नजर ठेवते. त्यासाठी पक्षी कुठे, किती आणि कोणाकडे आहेत हे आधी माहीत असायला हवे. नुकसानभरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. ती अशीच ठेवली आहे, म्हणजे माणूस लवकर कळवतो. पण कोंबडी पाळणेच गुन्हा ठरवले, तर कोण कळवील? लोक कोंबड्या सोडणार नाहीत. गच्चीवर, जिन्याखाली, पत्र्याच्या आड ठेवतील, आणि दोन मेल्या तर अंधारात ओढ्यात टाकून येतील. बर्ड फ्लूला याहून सोपी वाट नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की नोंद करा. बैठ्या घराला, जिथे स्वतःची मोकळी जागा आहे तिथे, आठ-दहा कोंबड्यांची मर्यादा घाला. कोंबड्याला बंदी करा, मी तक्रार करणार नाही. खुराडे शेजाऱ्याच्या भिंतीपासून किती लांब हवे ते ठरवा. वर्षाला फी घ्या. कुत्र्याचा परवाना असतो, पुण्यात तर मांजरासाठीही परवाना आणायचे ठरले, मग कोंबडीला काय हरकत आहे? माझा भाचा न्यूयॉर्कला आहे. तो सांगतो की त्या शहरातही कोंबड्या पाळता येतात, फक्त कोंबडा, बदक, हंस आणि टर्की चालत नाहीत. एवढ्या दाटीच्या शहराला हे जमते. आपल्याकडे शहरातल्या गुरांसाठी १९७६ चा राज्याचा कायदा आहे, त्यात कोंबडी येत नाही. माझ्यावर कोणत्या कलमाखाली कारवाई केली, असे मी विचारले. ‘उपद्रव’ एवढाच शब्द ऐकायला मिळाला, कागद कोणी दाखवला नाही.

उपद्रव कसला? आवाजाचे नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्र म्हणजे दहा ते सहा, आणि त्या वेळात कोंबडी आंधळी होऊन खुराड्यात गप्प बसलेली असते. अंडे घातल्यावर सकाळी पाच मिनिटे कोकलते, तेवढेच. वासाचे म्हणाल तर मी खुराड्यात लाकडाचा भुसा घालते, दर रविवारी तो काढून चुना मारते. निघालेले खत त्याच सोसायटीतल्या दोघी गुलाबांसाठी मागून नेतात.

खरा वास कुठून येतो ते पत्रलेखकांनी एकदा रात्री अकरा वाजता ओढ्याच्या पुलावर उभे राहून बघावे. चिकनच्या दुकानांतली पिसे, आतडी, मुंडकी गोण्या भरभरून तिथे खाली पडतात. त्यावर वीस-पंचवीस कुत्री जगतात, आणि तीच कुत्री सकाळी शाळेला जाणाऱ्या पोरांच्या मागे लागतात. माझी नात दोनदा सायकलवरून पडली. एप्रिलमध्ये मी याबद्दल आपल्याला पत्र पाठवले होते, ते आपण छापले नाही. त्या गोण्या उचलायला एकदाही टेम्पो आला नाही. माझ्या सहा कोंबड्यांसाठी मात्र तक्रारीनंतर तिसऱ्या दिवशी आला.

चार पिल्ले आत्ता बल्बखाली एकमेकांच्या अंगावर चढून झोपली आहेत. आई नसल्यामुळे टिपायला मलाच शिकवावे लागले. कण्या पसरून त्यावर नखाने टकटक केले तेव्हा कुठे चोच लावली. येत्या गुरुवारी त्यांचा सातवा दिवस. मानमोडी, म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग, येऊ नये म्हणून डोळ्यात लासोटा लशीचा एकेक थेंब घालावा लागतो. त्याची बाटली शंभर मात्रांची येते आणि बर्फात ठेवावी लागते, म्हणून गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आमच्यासारख्या पाच-सहा जणींना एकाच दिवशी बोलावतात. तिथे रजिस्टर असते. पालकाचे नाव, पत्ता आणि पक्षी किती, हे लिहून सही करावी लागते. आजवर मी ते खरे लिहीत आले. या गुरुवारी पत्ता खरा लिहिला तर शुक्रवारी टेम्पो येईल का, हे संबंधितांनी आपल्या अंकातून बुधवारपर्यंत मला कळवावे, अशी विनंती आहे.

आपली,
एक जुनी वाचक