स्मृतिभ्रंशाची रक्ततपासणी आणि डिक्कीतली नळी

मा. संपादक,
स. न.

'विसरण्याची रक्ततपासणी निघालीय म्हणे, करून टाकू का?' असं रामबाग-टिळकनगरातली साठीपुढची मंडळी हल्ली विचारतात. तक्रार काही नसेल तर करू नये. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-तपासण्यांना परवानगी देणारी सरकारी संस्था) मे २०२५ मध्ये मान्यता दिलेली तपासणी लक्षणं दिसू लागलेल्या आणि तज्ज्ञांकडे आलेल्या रुग्णांसाठी आहे. तीत पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड बीटा ४२ या दोन प्रथिनांचं गुणोत्तर काढतात; अल्झायमरमध्ये अमायलॉइड मेंदूत साचतं. ४९९ नमुन्यांत पॉझिटिव्ह निघालेल्यांपैकी ९१.७ टक्के लोकांच्या मेंदूत पेट (PET) स्कॅन किंवा मणक्यातल्या पाण्याच्या तपासणीतही अमायलॉइड सापडलं. काहींचा निकाल मात्र ना इकडचा ना तिकडचा.

धडधाकट माणसांत हा हिशेब फिरतो. समजा, तपासणी दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक आहे आणि १०० जणांत दोष खरोखर १० जणांतच आहे. त्यातले ९ सापडतील, पण उरलेल्या ९० पैकी ९ जणही उगाच पॉझिटिव्ह ठरतील. म्हणजे निम्मे पॉझिटिव्ह रिपोर्ट नाहक झोप उडवणारे.

खरी गोम नमुन्यात आहे. रक्त जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीतच हवं; सीरमचे, म्हणजे गोठलेल्या रक्तावरच्या पाण्याचे, आकडे वेगळे येतात. नळी आठ-दहा वेळा हलकेच उलटीसुलटी करावी (जोरात हलवू नये, रक्तपेशी फुटतात), लवकर सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून प्लाझ्मा (रक्तपेशींवरचा पातळ भाग) वेगळा करावा आणि पॉलिप्रॉपिलीनच्या कुपीत गोठवावा. अमायलॉइड चिकट असतं, काचेला किंवा साध्या प्लास्टिकला धरून बसतं. घरून घेतलेली नळी मे महिन्याच्या दुपारी स्कूटरच्या डिक्कीत तीन-चार तास फिरली, तर अमायलॉइड घटतं, पी-टाऊ फारसं हलत नाही. छेदातलं अमायलॉइड घटलं की गुणोत्तर वाढतं आणि आजार नसताना रिपोर्ट पॉझिटिव्हकडे झुकतो! म्हणून नमुना घेतल्याची आणि फिरवल्याची वेळ रिपोर्टवर मागून घ्यावी.

मूत्रपिंड अधू असेल तरी पी-टाऊ चढतं. क्रिएटिनिन सोबत पाहावं. आणि या सगळ्याच्या आधी थायरॉइड व बी-१२. आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं नवलाचं नाही, त्यानेही विसरायला होतं आणि त्याचं इंजेक्शन स्वस्तात मिळतं.

— एक पॅथॉलॉजिस्ट, इंदूर