आधी बुजवायचा नकाशा, मग खोदकाम

एडमंटन, कॅनडा

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही म्हणालात, "जमिनीतून खडी-वाळू काढायला इंजिनिअर कशाला, पोकलेनवाला पुरे की." खोदायला पुरेच. पण खडी संपल्यावर तिथे काय उरणार, हे आधी ठरवायचं असतं आणि ते माझ्याकडे आहे. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

इथली बरीचशी खडी कातळ फोडून काढलेली नसते. हिमयुगाच्या शेवटी बर्फ वितळलं, त्या पाण्याने आणून टाकलेले गोटे आणि वाळू शेताखाली थराथराने पडून आहेत. खासगी जमिनीवर 5 हेक्टर किंवा त्याहून मोठी खाण काढायची, तर इथे अल्बर्टा प्रांतात आधी सरकारकडे नोंदणी करावी लागते. सोबत खोदकामाचा आणि जमीन पूर्वपदावर आणण्याचा आराखडा द्यायचा, अनामत रक्कम ठेवायची. जमीन हुबेहूब पहिल्यासारखी व्हावी असं कायदा म्हणत नाही. पण पूर्वी तिच्यातून जे साधत होतं त्याच्या तोडीचं नंतरही साधलं पाहिजे. ते पटलं तर दाखला, आणि मग अनामत सुटते.

खरी डोकेफोड मातीच्या हिशेबात आहे. समजा खाण 400 मीटर लांब, 400 मीटर रुंद, 8 मीटर खोल. वरची काळी माती 30 सेंटिमीटर, तिच्याखाली मीटरभर निकस माती, मग खडी. काठ सरळ कापलेले सोडता येत नाहीत, ढासळतात. निदान तीनास एक उतार हवा, म्हणजे प्रत्येक काठाला 24 मीटर रुंदीची पट्टी. निकस माती सगळी मिळून 1,60,000 घनमीटर आणि चारही काठांना उतार द्यायला लागते साधारण दीड लाख. तळावर पसरायला उरतो बोटभर थर! नुसत्या खडीवर काळी माती टाकली तर पाणी सरळ खाली निघून जातं आणि पीक वाळतं. मग काय, उतार खडीतच ठेवायचे, म्हणजे सुमारे लाखभर घनमीटर खडी काठाला कायमची सोडून द्यायची. हे ऐकलं की खाणवाल्याचा चेहरा पाहावा.

काळी माती आणि खालची माती एकत्र झाली, की ती पुन्हा वेगळी करता येत नाही. म्हणून दोन्हींचे ढीग वेगळे, मध्ये मोकळी जागा, ढिगांवर गवत पेरायचं, नाहीतर वारा माती नेतो आणि काटेरी तण माजतं. ओल्या मातीला यंत्र लावायचं नाही. डंपर एकदा ओलीवरून गेला की ती अशी दबते की मुळं आत शिरत नाहीत. पावसाचे चार दिवस काम थांबवायला कुणी राजी नसतं, त्यामुळे माझ्या भांडणांतली निम्मी याच एका वाक्यावरून होतात.

खाण टप्प्याटप्प्याने खोदली तर पुष्कळ सोपं जातं. पहिल्या तुकड्याची माती बांध घालून साठवायची. त्या बांधाने शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज आणि धूळही अडते. दुसऱ्या तुकड्याची माती काढली की ढीग न लावता थेट पहिल्या खड्ड्यात. तिच्यातलं गवताचं बी आणि जीवजंतू जिवंत असतात, आणि एकच माती दोनदा उचलण्याचा खर्चही वाचतो. बांधाची माती सगळ्यात शेवटच्या तुकड्याला. म्हणजे एका टोकाला खोदकाम चालू असताना दुसऱ्या टोकाला पेरणी झालेली असते.

पाखरांचंही बघावं लागतं. नव्याने कापलेल्या उभ्या कड्यात भिंगरीच्या जातीची पाखरं बिळं करून अंडी घालतात आणि त्यांची घरटी मोडायला कायद्याने बंदी आहे. वसंतात ती यायच्या आत कडा उतरता केला नाही, तर पिल्लं उडेपर्यंत ती बाजू बंद.

सध्या हातात असलेल्या खाणीच्या मालकाला शेवटी शेत नको, तळं हवंय. तळं सगळ्यांनाच आवडतं, कारण त्याला माती लागत नाही. मला ती पळवाट वाटते. जमिनीखालचं पाणीही उताराने वाहत असतं. तळ्याचा पृष्ठभाग मात्र सपाट. म्हणून वरच्या बाजूला भूजल खाली ओढलं जातं आणि खालच्या बाजूला वर चढतं. वरच्या शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी उतरतं, खालच्याच्या शेतात ओल येते. शेत करायचं असेल तर खाणीचा तळ भूजलाच्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा मीटर-दीड मीटर उंच ठेवायचा, इतकाच पेच.

ती वरची पातळी कळायला कुंपणालगत बोअर घेतलेत. बर्फ वितळून पाणी चढेल तेव्हाची मोजणी हातात येईपर्यंत मी मालकाला तळ्याचा होकार देणार नाही, तो कितीही फोन करो.

आईला नमस्कार. तिला सांगा, मी नुसते खड्डे खणत नाही.

तुमची,
मीनल