खिळे जुळवणाऱ्यांची नावं

म्हापसा,
शुक्रवार रात्र

चि. बाय,

तू फोनवर निबंध वाचून दाखवलास, मी नुसतं ‘बरा आहे’ म्हणालो आणि तुझा आवाज उतरला. निबंध मला आवडला. पण मनात आलं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आज बाजाराचा दिवस, त्यामुळे घरी यायला उशीर झाला. आई झोपली आहे. आता निवांत लिहितो.

तुझ्या निबंधात बार्थोलोमेव त्सिगेनबाल्ग आहे, त्याला पाठवणारा डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक आहे, ९ जुलै १७०६ ला तमिळनाडूतल्या तरंगंबाडीच्या, म्हणजे तेव्हाच्या डॅनिश वसाहतीच्या, किनाऱ्याला लागलेलं जहाज आहे. सगळं बरोबर आहे. पण वाचताना असं वाटतं, की चोविशीच्या आतबाहेरचा एक जर्मन पाद्री आला आणि त्याने एकट्याने लुथरन (प्रोटेस्टंट पंथाची) मंडळी, म्हणजे भाविकांचा समाज, उभी केली. सोबत उतरलेला प्लुत्शाऊसुद्धा तू एका ओळीत संपवलास.

डिसेंबरात आपण तिथल्या जुन्या चर्चला गेलो होतो, आठव. कारैकलहून बसने. दर्शनी भिंतीवर राजाचं मुकुटवालं चिन्ह आणि खाली १७१८. आत एक म्हातारा बाकांच्या पाठींवरून ओलं फडकं फिरवत होता. प्रत्येक बाकाच्या टोकाला पोचला की बोट लावून बघायचा, धूळ राहिली का. तू तमिळमध्ये विचारलंस तेव्हा कळलं, त्याचे वडीलही इथेच घंटा वाजवायचे. आपल्याकडे इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, त्याला साक्रिस्तांव म्हणतात, तिथे काय म्हणतात ते विचारायचं राहून गेलं. वेदीपाशी त्सिगेनबाल्गची समाधी दाखवताना त्याने आवाज इतका खाली आणला, जणू घरातलंच कोणी निजलं आहे. तुझ्या निबंधात समाधी आहे, तो म्हातारा नाही.

मी एकतीस वर्षं खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवले. आमच्या छापखान्यात मालकाचं नाव प्रत्येक पानाच्या तळाशी यायचं, जुळाऱ्याचं कधीच नाही. त्यामुळे कुठल्याही जुन्या छापील पानापुढे मला पहिला प्रश्न पडतो तो हाच, की हे जुळवलं कोणी. तरंगंबाडीचं उत्तर मिळतं, म्हणून तुला सांगतो.

छापखाना इंग्लंडहून निघाला तो १७११ मध्ये. वाटेत रिओ दि जानेरोला फ्रेंचांनी जहाज धरलं, पैसे मोजून सोडवावं लागलं. यंत्र चालवायला योनास फिंक नावाचा कारागीर सोबत दिला होता, तो प्रवासातच वारला. १७१२ मध्ये यंत्र पोचलं, पण हात लावणारं कोणी नाही. मग डॅनिश कंपनीच्या शिपायांत श्लोरिके नावाचा एक जण सापडला. त्याला छपाईचं थोडं ज्ञान होतं. बाय, बंदूक खाली ठेवून तो स्टिक, म्हणजे खिळे जुळवायची पट्टी, हातात धरतो, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आणि पहिल्यांदा जुळवलं काय? पोर्तुगीज! तमिळचे खिळे अजून आलेच नव्हते. त्या किनाऱ्यावर पोर्तुगीज सर्रास चालायची, म्हणून त्सिगेनबाल्ग आल्याआल्या तमिळइतक्याच नेटाने ती शिकला आणि मंडळीची प्रार्थना दोन्ही भाषांत होऊ लागली. तुझी पणजी पोर्तुगीजमध्ये हिशेब लिहायची. तिला ते लुथरन पाद्री परके वाटले नसते.

पुढे जर्मनीतल्या हालेहून तमिळ खिळे आले. ते इतके मोठे, की आख्खं बायबल त्यांत घेतलं असतं तर कागद पुरला नसता. मग आडलर नावाच्या कारागिराने शेजारच्या पोरयारला लहान खिळे ओतले. शिसं कुठलं, तर इंग्लंडहून आलेल्या चीजवरची शिशाची वेष्टणं वितळवलेली. १७१५ मध्ये तमिळ नवा करार पुरा झाला. शिसं वितळताना कसा वास येतो आणि घशाला काय होतं हे मला माहीत आहे, तुला नाही. म्हणूनच मी या माणसापाशी थांबतो.

आता भाषेचं. त्सिगेनबाल्ग पोरांच्या ओळीत बसून वाळूत बोटाने अक्षरं गिरवायचा, हे तू छान लिहिलंस. पण ती शाळा एका सत्तरीच्या तमिळ गुरुजींची होती, आणि ते आपली मुलं घेऊन त्याच्या घरी येऊन बसले. अळगप्पन नावाचा दुभाषी पोर्तुगीज, डच, डॅनिश बोलायचा, त्याच्याकडून हा शिकला. ही दोन माणसं काढली तर उपदेश कुठल्या भाषेत करणार होता? आणि आरोन तर तू गाळलासच. आधी तो अरुमुगम, मग मंडळीचा उपदेशियार (धर्मशिक्षक), आणि २८ डिसेंबर १७३३ ला दीक्षित पाद्री, लुथरनांतला पहिला भारतीय. त्सिगेनबाल्ग १७१९ मध्ये छत्तिसाव्या वर्षी गेला. मंडळी तेव्हा मोडली नाही ती अशा उपदेशियारांमुळे, पंतोजींमुळे, घंटा वाजवणाऱ्यांमुळे. तरंगंबाडी १८४५ मध्ये इंग्रजांना विकली गेली, डॅनिश राजा गेला, मंडळी राहिली. १९१९ ला तमिळ लुथरन चर्च झालं. त्यांच्या बिशपांना आजही तरंगंबाडीचे बिशप म्हणतात.

तू विचारलंस, बोडगेश्वराच्या जत्रेला न चुकता जाणाऱ्या माणसाला या इगर्जीचं एवढं काय? आपल्या गोव्यामुळे, बाय. छापखाना भारतात पहिल्यांदा आला तो इथे, १५५६ मध्ये. जायचा होता ॲबिसिनियाला (आजच्या इथिओपियाला), राहिला जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजात. तमिळ खिळे पहिल्यांदा पाडले तेही गोव्यातच, १५७७ च्या सुमारास. पण आपल्या अक्षरांत तेव्हा काही छापलंच गेलं नाही. गोव्यात राहिलेल्या इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्सनी १६०८ मध्ये पत्रात तशी इच्छा लिहून ठेवली होती, तरी त्यांचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला रोमन अक्षरांतच छापावं लागलं. पुढे १६८४ ला लोकांच्या बोलीवर सरकारी बंदी आली. छापखाने आधीच थंडावले होते, ते १८२१ पर्यंत. त्या मधल्या काळात दुसऱ्या किनाऱ्यावर एक छोटी मंडळी लोकांच्या अक्षरांसाठी शिसं गोळा करत होती. मला त्याचा हेवा वाटतो आणि आदरही वाटतो, दोन्ही मनापासून.

निबंध परत लिही असं मी म्हणत नाही. एक परिच्छेद वाढव. श्लोरिके, आडलर, अळगप्पन, आरोन ही नावं घाल, आणि त्या गुरुजींचं नाव मिळालं नाही तर ‘एक तमिळ गुरुजी’ एवढं तरी घाल. बाक पुसणाऱ्या म्हाताऱ्याला पुन्हा भेटलीस तर त्याला विचारून त्याचंही.

सोबतच्या पार्सलात सोलं आहेत, आईने केलेले तांदळाचे पापड आहेत आणि कागदात गुंडाळलेला एक खिळा आहे. छापखाना बंद झाला त्या दिवशी मी खिशात घालून आणला होता. ‘ळ’ आहे. तमिळमध्येही तो आहे, तूच मला शिकवलास. शाई लावून वहीच्या कोपऱ्यात उठवून बघ. डावीकडचा कान थोडा झिजला आहे, म्हणून जरा जास्त दाब द्यावा लागेल.

तुझा,
बाबा