बाराच खुर्च्या मांड

नाशिक,
१८ सप्टेंबर

प्रिय बंडू,
सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन मी अर्धवट तोडला, राग धरू नकोस. कारखान्यातून विजेच्या पॅनेलचं डिस्पॅच चालू होतं आणि ट्रकवाला हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता. तू म्हणालास, "अभियंता संस्थेच्या आमच्या कोल्हापूर शाखेत फाउंड्रीवाल्यांचा, म्हणजे धातू ओतणाऱ्यांचा, तांत्रिक गट काढायचा ठरलाय, तुमच्या नाशिकच्या गटाची नियमावली पाठवून दे." नियमावली आहे. पावणेदोन पानांची आहे. ती मी तुला पाठवणार नाही. ती वाचून तू पहिल्या वर्षी जिथे मी पडलो तिथेच पडशील. त्यापेक्षा हे पत्र वाच. लांबेल, पण तुला रविवारी दुपारी दुसरं काय काम असतं?

पंधरा तारखेला अभियंता दिन झाला. विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार, नारळ, दोन भाषणं, त्यातलं एक माझं. मी सांगितलं की १८८४ साली ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागले, तेव्हा त्यांची सुरुवात आपल्या नाशिकात झाली. टाळ्या पडल्या. मागून पॉलिटेक्निकच्या एका पोरानं हात वर केला, "सर, पहिल्या पोस्टिंगला त्यांचं काय चुकलं होतं?" सभागृह हसलं. मीही हसलो, आणि उत्तर न देता चहाकडे वळलो. त्या दिवशी विचारण्यासारखा प्रश्न तेवढा एकच होता, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं.

आता माझं पहिलं वर्ष ऐक. गट म्हणजे कार्यक्रम, असं माझ्या डोक्यात पक्कं. गंगापूर रोडला हॉल घेतला, बॅनर छापलं, शाल-श्रीफळ आणलं, पुण्याहून पाहुणे बोलावले. विषय असा की ऐकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी शॉपवर त्याचा काडीचा उपयोग नाही, पण पत्रिकेवर भारदस्त दिसावा. खुर्च्या मांडल्या ऐंशी. डोकी चौदा, त्यात पाच आमच्याच कमिटीची आणि दोन साउंडवाल्याची. अशी सहा व्याख्यानं केली. वार्षिक अहवाल मात्र झकास झाला आणि वरून शाबासकीचं पत्रही आलं. मी ते फ्रेम करायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. सहाही व्याख्यानांना आलेला एक सभासद वर्षअखेरीला मला म्हणाला, "नाना, पाहुण्यांचे बायोडेटा पाठ झाले, पण शेजारच्या खुर्चीवरचा माणूस कोण ते अजून ठाऊक नाही."

गट खरा जन्मला तो जुलैतल्या एका संध्याकाळी, आणि त्यात माझं कर्तृत्व शून्य. मुंबईहून येणारे वक्ते कसारा घाटात पावसात अडकले. आठ वाजले तरी पत्ता नाही. बरेच लोक उठून गेले, दहा-बाराजण चहा घेत थांबले. सातपूर एमआयडीसीतला एक मेंटेनन्सवाला नुसता कुरकुरत होता की पॉवर फॅक्टर सुधारायला, म्हणजे वीज वाया जाऊ नये म्हणून, बसवलेल्या पॅनेलमधले कपॅसिटर दर तीन-चार महिन्यांनी फुगतात, पुरवठादार म्हणतो तुमची वायरिंग खराब, मालक म्हणतो तू खराब. तेवढ्यात अंबडचा एकजण म्हणाला, "अरे, आमच्याकडेही!" सिन्नरचा तिसरा, जो मोहदरी घाट उतरून भर पावसात मोटारसायकलवर आला होता, तो तर खुर्ची ओढून मधेच येऊन बसला. त्याचे दोन सेट जळले होते आणि त्यानं ते घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

मग प्रश्न सुरू झाले. गेल्या दोन वर्षांत नवीन काय बसवलं? तिघांचं उत्तर एकच, व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करणारे इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह. एका रिकाम्या पत्रिकेच्या पाठीवर कुणीतरी आकृती काढली. हे ड्राइव्ह पुरवठ्याच्या पन्नास हर्ट्झबरोबर पाचवा, सातवा हार्मोनिक, म्हणजे त्याच्या पाचपट-सातपट फ्रिक्वेन्सीचा करंटही ओढतात, म्हणजे अडीचशे आणि साडेतीनशे हर्ट्झ. कपॅसिटरला जितकी फ्रिक्वेन्सी जास्त तितका तो जास्त करंट खातो. त्यात कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर यांचा सूर त्याच आसपास जुळला की मग बघायलाच नको. उपाय नवा नव्हता: कपॅसिटरबरोबर सात टक्क्यांचा रिॲक्टर, म्हणजे तारेचं वेटोळं, घालायचा, म्हणजे जोडीचा सूर १८९ हर्ट्झवर, पाचव्याच्या खाली उतरतो, आणि कपॅसिटरही जास्त व्होल्टेजचे घ्यायचे, कारण रिॲक्टरमुळे त्यांच्यावरचं व्होल्टेज चढतं. हे पुस्तकात आहे, पुरवठादाराच्या कॅटलॉगमध्येही आहे. तरी तीन कारखान्यांतली तीन शहाणी माणसं वर्षभर एकेकटी आपलंच काहीतरी चुकतंय म्हणून गप्प होती. रात्री साडेदहाला हॉलवाल्यानं दिवे घालवले तेव्हा आम्ही उठलो. पुढच्या महिन्यात कुणी पत्रिका न छापता सगळे पुन्हा आले, मीटर घेऊन.

तेव्हापासून आमची पद्धत एवढीच आहे. बैठकीची सुरुवात एका बिघाडानं. ज्याचा बिघाड त्यानं उभं राहून सांगायचा. काय दिसलं, आधी काय वाटलं, त्या वाटण्यापायी किती पैसे घातले, आणि शेवटी काय निघालं. शेवट सापडला नसला तरी चालतं, किंबहुना ती बैठक जास्त रंगते. हे सगळं एका जाड वहीत लिहून ठेवतो. पहिला बिघाड मात्र गट चालवणाऱ्यानंच सांगायचा, हे ध्यानात ठेव. मी बसबारच्या, म्हणजे पॅनेलमधल्या वीज वाहणाऱ्या पट्टीच्या, जोडाचा सांगितला होता: बोल्ट टॉर्क रेंचनं न आवळता 'हाताच्या अंदाजानं' आवळला, जोड तापून काळा पडला आणि पॅनेल ग्राहकाकडून परत आलं. अंदाज माझाच होता. सांगताना कान तापले, पण त्यानंतर बाकीच्यांची तोंडं उघडली.

तू विचारशील, एकमेकांचे गिऱ्हाईक पळवणारे लोक एका टेबलाशी बसतील कसे? बसतात, पण जखम होते. आमच्याकडे झाली. शॉर्ट सर्किट टेस्टसाठी, म्हणजे शॉर्ट झाल्यावरचा धक्का पॅनेल सोसतं का ते बघायला, आमच्याकडचे लोक तेव्हा पॅनेल ट्रकात घालून भोपाळ, बेंगळुरू नाहीतर वडोदऱ्याला न्यायचे. नुसतं भाडं ऐकलंस तर घेरी येईल. एकजण तिथून नापास होऊन आला आणि मोठ्या मनानं बैठकीत सगळं बोलला. पंधरा दिवसांत ते त्याच्या ग्राहकाच्या कानावर, आमच्यातल्याच कुणाकडून. ऑर्डर गेली. मी संतापून सगळ्यांना एक कडक मेसेज टाकला, आणि ती माझी दुसरी चूक. तीन महिने कुणी फिरकलं नाही. शेवटी मी दोघांच्याही घरी गेलो, वेगवेगळ्या दिवशी, आधी फोन न करता. ज्याचं नुकसान झालं तो परत आला. ज्यानं सांगितलं तो आला नाही, आणि रस्त्यात दिसला तर अजून मान वळवतो. त्यानंतर ठरलं की ग्राहकाचं नाव आणि ऑर्डरचा आकडा बैठकीत काढायचा नाही, फोन दाराजवळच्या टोपलीत, आणि विक्रीवाल्याला प्रवेश नाही, तो समोशांचा खर्च करत असला तरी नाही. समोसे आपले आपण आणायचे, असंही ठरलं.

त्या तीन महिन्यांत मी बरंच वाचलं, कारण दुसरा उद्योग नव्हता. त्यात कॉर्नवॉलच्या खाणींची गोष्ट सापडली, ती तुझ्यासाठी राखून ठेवली होती. जेम्स वॅटचं पेटंट १८०० मध्ये संपलं. खाणीतलं पाणी उपसायला वाफेची इंजिनं, आणि कोळसा समुद्रातून आणायचा, महाग. तर १८११ पासून जोएल लीन नावाच्या खाण व्यवस्थापकानं दर महिन्याला पत्रक काढायला सुरुवात केली: कोणत्या खाणीतल्या कोणत्या इंजिनानं एका बुशेल (तिकडचं जुनं माप) कोळशात किती काम केलं. नावानिशी, सगळ्यांसमोर. मालक वेगळे, इंजिनियर वेगळे, तरी आकडे शेजारीशेजारी. पुढच्या तीन-चार दशकांत त्याच कोळशात इंजिनं दुपटीहून कितीतरी जास्त पाणी उपसू लागली. एकानं व्हॉल्व्हमध्ये काही केलं की महिन्याभरात शेजारच्या खाणीला कळायचं. तुमच्या कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत हे का होऊ नये? एक टन धातू वितळवायला विजेची किती युनिट लागली आणि रिजेक्शन, म्हणजे बाद झालेला माल, किती टक्के, हे दोनच आकडे सुरुवातीला नावाशिवाय फळ्यावर लिहा. महिन्याभरात 'तो सगळ्यात कमी युनिटवाला कोण' हे विचारायला लोक स्वतः येतील.

संख्येची चिंता करू नकोस. आयट्रिपलई (IEEE) ही विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांची इतकी जगभर पसरलेली संस्था, पण तिचा तांत्रिक चॅप्टर काढायला अर्जावर बारा सभासदांच्या सह्या लागतात. बारा! आमच्या त्या पावसातल्या संध्याकाळी बसलो होतो तेवढेच. तू बाराच खुर्च्या मांड. तेरावा आला तर त्याला उभा राहू दे, पुढच्या वेळी तो लवकर येईल.

संस्थेच्या केंद्राला फॉर्म हवा असतो, फोटो हवा असतो, उपस्थितीचा आकडा हवा असतो. भरून दे, वाद घालू नकोस. फक्त त्या आकड्यासाठी कॉलेजची बस भरून पोरं आणू नकोस, मी आणली आहेत. ती मागच्या रांगेत मोबाइल खेळतात आणि प्रमाणपत्र घेऊन जातात. आता आम्ही दर बैठकीला दोनच विद्यार्थी बोलावतो आणि त्यांना काम देतो. कारखान्यात मोजमाप घ्यायला गेलो की क्लॅम्प मीटर त्यांच्या हातात. परवाचा तो प्रश्नवाला त्यातलाच.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. रिले, म्हणजे बिघाड होताच वीज तोडायला लावणारी उपकरणं, तपासणाऱ्या एक बाई, कामात एकदम पक्क्या, सभासद असून कधी यायच्या नाहीत. मी समजून चाललो की त्यांना आवड नसेल. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "सर, तुमची बैठक सात वाजता. सुटेपर्यंत नऊ. तेव्हा अंबडहून मला रिक्षा कोण देणार आणि घरी पोळ्या कोण करणार?" दोन वर्षांत मला हे विचारायचं सुचलं नव्हतं. बैठक शनिवारी दुपारी चारला आणली. त्या आल्या, त्यांच्याबरोबर आणखी तिघी आल्या. आता वही त्याच लिहितात, आणि माझ्या अक्षरातली जुनी पानं वाचता येत नाहीत म्हणून दर वेळी मला ऐकवतात.

आणि हो, खुर्चीला चिकटू नकोस. मी चार वर्षं समन्वयक होतो. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, दोन महिने घरी, तर दोन्ही महिने बैठकच नाही. किल्ली माझ्याकडे, यादी माझ्याकडे, हॉलवाल्याचा नंबर माझ्याकडे. आमच्या सौ. म्हणाल्या, "गट म्हणता, पण हा तर तुमचा एकट्याचा संसार दिसतोय." बोचलं. आता दोन वर्षांनी माणूस बदलतो आणि पहिल्या दिवसापासून त्याच्याबरोबर पुढचा तयार असतो. नवा समन्वयक माझ्यापेक्षा शिस्तीचा आहे, थोडा रूक्ष आहे, त्यानं समोसे बंद करून पोहे सुरू केलेत. मी काही बोललो नाही. म्हणजे घरी बोललो, तिथे नाही.

पुढची बैठक ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी आहे. विषय अर्थिंगचा, सिन्नरवाला सांगणार आहे. तू ये. शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघालास तर सकाळी माझ्याकडे पोचशील, मिसळ खाऊ, दुपारी पडू आणि चारला जाऊ. वहिनींना सांग, रविवारी रात्रीपर्यंत परत पाठवतो. येताना कोल्हापुरी चपला, गूळ असलं काही आणू नकोस. तुझ्या शॉपमधलं एक रिजेक्ट कास्टिंग पिशवीत घाल, ब्लोहोलवालं, म्हणजे आत हवेची पोकळी राहिलेलं, ज्याचं कारण तुला अजून सापडलेलं नाही. आमच्यात फाउंड्रीचं कुणाला काही कळत नाही. टेबलावर ठेव आणि बोलायला लाग.

तुझा,
नाना