मिशनरी पालटले, त्याचे काय?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

परदेशात जाणाऱ्या ख्रिस्ती मिशनऱ्यांवर आपल्या अंकात अधूनमधून पत्रे येतात. वाद ठरलेला असतो: त्यांनी किती जणांचा धर्म बदलला, आणि सेवेच्या आडून बदलला की काय. वाद महत्त्वाचा आहे, लवकर मिटणाराही नाही. पण ऐन विशीत घर सोडून निघालेल्या त्या मुलामुलींचे पुढे काय होते, हे फारसे कोणी विचारत नाही. माझ्या वाचनात तरी बरेचदा असे आले आहे की मोठा पालट त्यांच्यातच झाला, आणि तो पाठवणाऱ्यांच्या मनासारखा होताच असे नाही.

व्हेरियर एल्विन यांचेच घ्या. ऑक्सफर्डमध्ये शिकलेला हा इंग्रज तरुण १९२७ साली, वयाच्या पंचविशीत, पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघ या ख्रिस्ती सेवकांच्या आश्रमात आला. गांधीजींच्या सहवासात आला आणि बघता बघता ब्रिटिश सरकारच्या डोळ्यांत खुपू लागला. १९३२ मध्ये आपले मित्र शामराव हिवाळे यांच्यासोबत तो मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला गोंडांच्या शेजारी राहायला गेला. सरकारशी एकनिष्ठ राहीन अशी शपथ घे, असे नागपूरच्या बिशपांनी सांगितले. त्याने घेतली नाही. पुढे तर आदिवासींना ख्रिस्ती करावे असेच त्याला वाटेना, आणि त्याने चर्च सोडले. उरलेले आयुष्य आदिवासींच्या अभ्यासात गेले. १९५४ मध्ये तो भारताचा नागरिक झाला आणि ईशान्य सीमाभागाच्या प्रशासनाचा आदिवासीविषयक सल्लागारही. मिशनच्या वहीत त्याची नोंद बहुधा तोट्याच्या बाजूला असेल. (त्याच्या मानववंशशास्त्रावर आणि खासगी आयुष्यावरही आक्षेप आहेत, तो विषय वेगळा.)

आयडा स्कडर यांची वाट बरोबर उलटी वळली. घराण्यात मिशनरी डॉक्टरच डॉक्टर, त्यामुळे मिशनचे नावच नको, अमेरिकेत लग्न करून सुखाने राहायचे असा त्यांचा बेत होता. १८९० मध्ये त्या तमिळ मुलुखातल्या तिंडिवनमला आल्या त्या आजारी आईला हातभार लावायला, तात्पुरत्या. एका रात्री पाठोपाठ तीन पुरुष दाराशी आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडलेल्या. आयडाचे वडील डॉक्टर होते, पण परपुरुषाने हात लावणे तिघांनाही चालणार नव्हते. आणि आयडाला वैद्यक येत नव्हते. त्या तिन्ही बायका गेल्या. आयडा अमेरिकेला परतल्या, १८९९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टर झाल्या आणि पुन्हा आल्या त्या वेल्लोरला, कायमच्या. १९१८ मध्ये त्यांनी तिथे मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली. आजचे वेल्लोरचे नामांकित वैद्यकीय महाविद्यालय हे तिचेच पुढचे रूप. सॅम हिगिनबॉटम यांचेही तसेच: अलाहाबादच्या मिशन कॉलेजात अर्थशास्त्र शिकवता शिकवता शेतकऱ्यांची दैना पाहिली, अमेरिकेत जाऊन शेतीचे शिक्षण घेतले आणि येऊन कृषी संस्था उभारली.

हे सारे घडले कारण ही माणसे राहिली. भाषा शिकली, चुकली, शेजाऱ्यांच्या मयताला गेली. हल्ली पंधरा दिवसांच्या सहली निघतात, त्यांना ‘मिशन’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जी भिंत गावातल्या रंगाऱ्याने एका दिवसात रंगवली असती, ती दहा पोरे आठवडाभर रंगवतात, अनाथाश्रमातल्या मुलांसोबत फोटो काढतात आणि आयुष्य बदलले म्हणून परततात. आयुष्य असे पंधरवड्यात बदलत असते तर!

अमेरिकेत उगम पावलेल्या मॉर्मन पंथाची रीत याच्या दुसऱ्या टोकाला. मुलगे अठराव्या वर्षापासून दोन वर्षांसाठी बाहेर पडतात, मुली दीड वर्षासाठी. देश आपण निवडायचा नाही, नेमणूक होईल तिकडे जायचे, खर्चही बहुतांशी घरचाच. २०१९ पर्यंत घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदाच होती, नाताळला आणि मातृदिनाला. ही शिस्त मला जाचकच वाटते. मुदतीआधी परतलेल्या पोराकडे लोक कशा नजरेने पाहतात तेही वाईट. तरीही परक्या भाषेत दिवसभर ‘नको’ ऐकून दुसऱ्या दिवशी पुन्हा दार वाजवायचे, याने माणूस घडतो हे मान्य करावे लागेल. फक्त कसा घडेल, ते आधी ठरवता येत नाही.

माझी भाची नर्सिंग पूर्ण करून टांझानियातल्या एका मिशनच्या दवाखान्यात दोन वर्षे राहून आली. आल्यावर चर्चच्या मंडळीत तिला साक्ष द्यायला, म्हणजे आपला श्रद्धेचा अनुभव सांगायला, उभे केले. कोणीतरी विचारले, किती जण प्रभूकडे आले? ती त्यावर काही बोलली नाही. तिने स्वाहिलीतला ‘पोले’ हा शब्द सांगितला. समोरच्याला ठेच लागली, ताप आला, घरचे कोणी गेले, तर तिथे ‘पोले’, म्हणजे ‘वाईट वाटले’, असे म्हणतात. चूक आपली नसली तरी. काही जण नाराज झाले. ऑपरेशन थिएटरची ठरलेली नोकरी सोडून ती आता अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या सेवेत आहे, आणि तिच्या आईला हे अजून पटलेले नाही. मंडळ्यांनी मुले जरूर पाठवावीत. पण परतलेल्या मुलांना आकडा विचारण्याआधी त्यांनी काय पाहिले ते ऐकून घ्यावे, आणि त्यासाठी रविवारची पाच मिनिटे पुरत नाहीत.

– एक वाचक