मैलकुली काकाजींना, चक्कीवरून

काकाजी, नमस्कार.

शाळेपुढच्या गतिरोधकावर पांढरे पट्टे मारून झाले. सोमवारी दोन पोरं डबा-ब्रश घेऊन आली आणि दुपारपर्यंत काम उरकून, माझ्याकडचा चहा पिऊन गेली. तुम्ही नागपूरला लेकाकडे गेलात त्याला तीनच हप्ते झाले होते. तुम्ही असता तर पट्ट्यांची रुंदी टेपनं मोजली असती आणि पोरांना चहाआधी दोन गोष्टी ऐकवल्या असत्या.

हे पत्र जाहीर लिहितेय, त्याला कारण तुम्हीच. निघायच्या आदल्या दिवशी रस्त्यासाठी झगडणाऱ्या आपल्या गावच्या समितीनं शाल-श्रीफळ आणलं, तर "मी मेलो का बाप्पा?" म्हणून तुम्ही उठून गेलात. शाल परत करता येते. गावानं वाचलेलं पत्र कसं परत करणार?

तुम्हाला माहीत असलेलंच थोडं सांगते, बाकीच्यांसाठी. खदानीतून गिट्टी-मुरूम भरलेले टिप्पर गावातूनच फाट्यावर निघतात. माझी चक्की रस्त्याला लागून. पोळीत कचकच लागते म्हणून बाया मलाच बोलायच्या, जशी काही धूळ मीच दळते. मग शाळेसमोर सातवीतल्या पोराच्या सायकलला टिप्परनं कट मारला आणि पोराचा पाय मोडला. त्या दिवशी आम्ही रास्ता रोको केला, टायर जाळले, फोटो काढले. दोन दिवस टिप्पर बंद राहिले. तिसऱ्या दिवशी आले ते दुप्पट जोरात, कारण बुडालेल्या खेपा भरून काढायच्या होत्या.

चौथ्या दिवशी तुम्ही पायलीभर ज्वारी घेऊन दळणाला आलात.

"सूनबाई, टायर जाळून काई होत नाई वं. किती टिप्पर जातात दिवसाचे?"

"बम जातात, काकाजी."

"बम हा काई आकडा हाय का?"

मला तेव्हा राग आला होता, आज सांगते. सगळं गाव पेटलेलं आणि बांधकाम खात्यातून रिटायर झालेला मैलकुली मला आकडे विचारतो! आयुष्यभर साईडपट्टीचं गवत कापलं आणि खड्ड्यात डांबर ओतलं, त्या माणसाला यातलं काय कळणार, असं मनात आलं. माफी मागते.

मग तुम्ही चक्कीच्या ओट्यावर बसून वाहन गणतीचं सांगितलंत. खात्याची गणती असली की नाक्यावर तंबू ठोकायचा आणि सात दिवस, चोवीस तास, पाळीपाळीनं बसायचं. गाडी गेली की उभी रेघ, चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. मोटारीचा रकाना वेगळा, ट्रकचा वेगळा, सायकलचा, बैलबंडीचाही वेगळा. झोप लागली तर अंदाजानं रेघा मारायच्या नाहीत, कोरं सोडायचं. हे शेवटचं तुम्ही दोनदा सांगितलंत.

आपण तसंच केलं. शंभर पानी वही, पट्टीनं आखलेले रकाने. दिवसा नववी-दहावीची पोरं, संध्याकाळी बचत गटाच्या बाया, आणि रात्री दहा ते सहा तुम्ही स्वतः, कानटोपी घालून, शेकोटीजवळ. पहाटे चक्की उघडायला यायची तर तुम्ही मान वर न करता म्हणायचे, "थांब, गाडी येऊन राहिली."

वहीनं आधी खदानवाल्यांना नाही, आपल्यालाच उघडं पाडलं. रात्री रेतीच्या ट्रॉल्या जातात हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त कोणी लिहीत नव्हतं. तुम्ही लिहिलंत. त्यातला एक ट्रॅक्टर समितीतल्याच माणसाचा निघाला. "आपल्या गावातलं कशाला दाखवता?" म्हणून तो बैठकीत तुमच्या अंगावर धावून आला. तुम्ही वही मिटून बगलेत धरली आणि म्हणालात, "मंग गणती बंद. अर्धी गणती म्या जिंदगीत केली नाई." तो समिती सोडून गेला, चार महिने कोणाशी बोलला नाही. आता बोलतो. ट्रॉली अजून जाते की नाही, ते इथं लिहीत नाही, वहीत आहे.

आणि माझा ओटा. दीड हात रस्त्यावर आला होता. सासऱ्यांच्या काळापासूनचा, मला कधी अतिक्रमण वाटलंच नव्हतं. तुम्ही त्याच ओट्यावर बसून, माझ्याच हातचा चहा पीत मला हे सांगितलंत. दोन रात्री झोपले नाही. मग मिस्त्री बोलावून फोडला. त्यानंतर पानटपरीवाला मागे सरकला, कापसाच्या गाड्या शाळेसमोर उभ्या राहणं बंद झालं. ओटा फुटला नसता तर माझं कोणी ऐकलं नसतं, हे मला नंतर कळलं. तुम्हाला आधीच माहीत असणार.

कागदांचं काम पोरांनी केलं, पण वाट तुम्ही दाखवलीत. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज टाकला. उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते, नकला दोन रुपये पान. त्यातून कळलं की आपला रस्ता ग्रामसडक योजनेतला, डांबराची रुंदी 3.75 मीटर, आणि झाल्यापासून पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडेच. ती पाच वर्षं अजून सरली नव्हती! आपण मात्र वर्गणी काढून खड्ड्यात मुरूम टाकत होतो.

ग्रामसभेला कोरम भरत नव्हता. 15 टक्के मतदार किंवा 100 जण, जे कमी असेल ते, एवढेही जमायचे नाहीत. त्याआधी महिलांची सभा घ्यावी लागते, ती आपल्याकडे रजिस्टरावरच व्हायची. या वेळी खरी झाली. गणतीला बसलेल्या बाया वही घेऊन आल्या आणि शाळा भरताना-सुटताना किती टिप्पर जातात ते एकेक वाराचं वाचून दाखवलं. कोणी भाषण केलं नाही. ठराव झाला, मोटार वाहन कायद्याच्या कलम 115 खाली जड वाहनांना बंदीच्या वेळा मागणारा अर्ज जिल्ह्याच्या ठिकाणी गेला. सात महिने आणि नऊ चकरा. आता शाळेच्या वेळी टिप्पर बंद आहेत. म्हणजे बहुतेक दिवस बंद आहेत.

पाहणीला आलेल्या तरुण इंजिनिअर साहेबांचं तुम्हाला आठवतं ना? आधी वही चाळून हसले. मग रात्रीची पानं पाहिली, कोरे सोडलेले दोन तास पाहिले आणि विचारलं, हे कोरं का? तुम्ही म्हणालात, "तवा ताप होता, बसलो नाई." त्यानंतर साहेब हसले नाहीत. त्यांनीच सांगितलं की हिशेबात मोटार एक धरतात, ट्रक तीन आणि बैलबंडी आठ, कारण ती हळू चालते आणि सगळा रस्ता अडवते. गावात आठवडाभर तीच चर्चा. "माही बंडी आठ मोटारीची हाय" म्हणून एक बुवा अजून मिशीला पीळ देतात.

गतिरोधकाचं तर वेगळंच. पोरांनी रातोरात सिमेंटचा उंचवटा घातला होता, गुडघाभर. दुसऱ्याच दिवशी त्याच्यावर डॉक्टरकडे निघालेली गरोदर बाई स्कूटीवरून पडता पडता वाचली. तुम्ही स्वतः घण घेऊन तो फोडलात, पोरांच्या शिव्या खात. खात्याचा गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि मधोमध फक्त 10 सेंटिमीटर उंच, हे तुम्हाला पाठ होतं. आता जो आहे तो तसाच आहे. बंडीही जाते, बैलाला झटका बसत नाही.

एक काम राहिलं, आणि तेच जड आहे. समृद्धी महामार्ग 2022 च्या डिसेंबरात सुरू झाला तेव्हापासून इकडे जो तो जमीन रोडटच आहे का विचारतो. फाट्याजवळच्या प्लॉटच्या ले-आउटवाल्यांनी भराव टाकून आपली पांदण बुजवली आणि पावसाचं पाणी चार शेतांत घुसलं. "वाट कागदावर कुठं आहे?" असं ते विचारत होते. तुमचे वडील कोतवाल, म्हणून तुम्हाला वाजिब-उल-अर्ज हा शब्द तोंडपाठ. आम्हाला तर तो कोण्या दर्ग्याचं नाव वाटला होता. गावाची जुनी वहिवाट लिहून ठेवणारा हा कागद आपल्या विदर्भातच चालतो, चराई-सरपणाचे हक्क नोंदवणाऱ्या निस्तारपत्रकासारखा. अभिलेख कक्षातून नक्कल निघाली. कोपरा उंदरानं खाल्लाय, पण वाट शाबूत आहे. तहसीलला तारीख पडलीय. ते वकील लावणार, आपण वही आणि नक्कल घेऊन जाणार. काय होईल ते कळवते.

गणती परत चालू केली, महिन्यातून एक दिवस. पाय मोडलेलं पोरगं आता आठवीत आहे, थोडं लंगडतं. परवा तेच बसलं होतं. शाळा भरायच्या वेळी एक टिप्पर गेला, त्यानं ट्रकच्या रकान्यात रेघ मारली आणि बाजूला नंबर लिहिला. मधे लघवीला गेलं, तेवढी पाच मिनिटं त्यानं कोरी सोडली. मी काही सांगितलं नव्हतं.

सकाळच्या एसटीनं ज्वारीचं पीठ पाठवतेय, कंडक्टर ओळखीचे आहेत, गणेशपेठ स्टँडवर लेकाला पाठवा. बारीक दळलंय, तुमच्या दातांना चालेल. पितळी डबा सासूबाईंचा आहे, तेवढा परत पाठवा.

तुमची सूनबाई,
चक्कीवाली (समितीची वही हल्ली माझ्याकडेच असते)