तंबूतला पाऊस

चि. चिऊ,

अनेक आशीर्वाद.

तू फोनवर तंबू मागितलास आणि मी विचार न करता 'पाठवतो' म्हणून मोकळा झालो. फोन ठेवला, शिडी लावली, माळ्यावरून ती निळी पिशवी खाली काढली. उघडली मात्र, वासानेच दोन पावलं मागे सरलो. कापडाच्या आतल्या बाजूला पाणी अडवणारा जो पातळ थर असतो ना, तो दमट हवेने पार खाल्लाय. बोट लावलं की चिकटतं. शिवणींवरची पट्टी सापाच्या कातीसारखी सुटून हातात येते. हे धुऊन-पुसून सुधारत नाही. तेव्हा तंबू नवाच घे.

पण पिशवी उघडली आणि एक गोष्ट तुला सांगायची राहून गेल्याचं आठवलं. राहून गेली म्हणजे काय, मुद्दामच सांगितली नाही. तीस वर्षं.

तू ती हकिकत सगळ्यांना सांगतेस. सात वर्षांची होतीस, धाकटा चार वर्षांचा, आपण चौघं गाडी काढून गेलो, आकाश ताऱ्यांनी गच्च भरलं होतं, आणि मग मध्यरात्री असा पाऊस कोसळला की तंबू गळायला लागला आणि बाबा रात्रभर टॉवेलनं छत पुसत बसले. लोक वाहवा करतात. तुझी आई माझ्याकडे बघते. मी चहाचा कप उचलतो.

आधी प्रवासाचं सांगतो, कारण तोही तुझ्या आठवणीत फार गोड झालाय. पाच तासांच्या रस्त्याला आठ तास लागले. मी मोठ्या हौसेनं तुला जाडजूड चित्रांचं पुस्तक आणलं होतं, म्हणजे तू वाटेत गप्प बसशील. बसलीस. वळणांचा रस्ता लागेपर्यंत. मग ते पुस्तक, तुझा फ्रॉक आणि माझ्या सीटची पाठ, सगळं एकदमच धुवावं लागलं. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगत असतो की आपण हलतोय, आणि डोळे पुस्तकावर खिळलेले असले की ते सांगतात, छे, सगळं जागच्या जागी आहे. या भांडणात पोट मधल्यामध्ये सापडतं. साधारण दोन ते बारा या वयात हा त्रास जास्त होतो, म्हणजे तुझी दोन्ही पिल्लं ऐन त्या वयात आहेत. वळणं आली की पुस्तक आणि मोबाइल काढून घे, समोर लांब बघायला लाव. आणि उलटीच्या पिशव्या डिकीत नको, हाताशी ठेव.

धाकटा पुढच्या सीटवर आईच्या मांडीत होता. हे लिहिताना हात थांबतो माझा. जोरात ब्रेक लागला असता तर आईच्या हातांत तो राहिलाच नसता. तेव्हा सगळे तसेच न्यायचे, आम्हीही नेलं. तू तुझ्या पिल्लांना मागच्या सीटवर त्यांच्या-त्यांच्या खुर्च्यांत बांधून नेतेस, रडली तरी सोडत नाहीस, ते बघून मला बरं वाटतं. मी कधी बोललो नाही इतकंच.

"किती राहिलं?" याला मी चार तास "आलंच" हे एकच उत्तर दिलं. पाचव्या तासाला तू म्हणालीस, "बाबा, तुम्हाला माहीत नाहीये." त्यानंतर आईनं सूत्रं हातात घेतली. अजून दोन थांबे, मग एक मोठा पूल, मग आपण. थांबे आणि पूल तुम्हाला मोजता येत होते, किलोमीटर नव्हते येत.

पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. तंबू अजून दुकानातल्या वेष्टनात. घरी एकदा उभा करून बघायला हवा होता, हे मला पहिली काठी उलटी घुसवल्यावर कळलं. कागदावरच्या सूचना वाऱ्यानं उडाल्या, धाकटा एक खुंटी घेऊन तलवारबाजी करत पसार झाला. खाली अंथरलेली ताडपत्री तंबूपेक्षा हातभर मोठी होती, ती मी चारी बाजूंनी ऐसपैस बाहेर काढली आणि स्वतःवर खूश झालो. प्रत्यक्षात ती चूक होती. बाहेर राहिलेल्या कडेवर पावसाचं पाणी साठतं आणि सरळ तंबूखाली शिरतं. ताडपत्री तंबूच्या कडेच्या आतच दुमडायची असते. त्या रात्री ही चूक मला भोवली नाही. का भोवली नाही, यातच सगळी गोम आहे.

तारे मात्र तुला आठवतात तसेच होते. त्यात मी काही भर घालत नाही आणि कमीही करत नाही. पहिली दहा मिनिटं तुम्हाला फारसं दिसलंच नाही, कारण धाकटा दर मिनिटाला टॉर्च कुणाच्या ना कुणाच्या तोंडावर मारत होता. अंधाराला डोळे नीट सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि एक लखलखीत झोत पडला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेवटी आईनं टॉर्चवर तिचा लाल रुमाल दोन पदरी बांधला. मंद लाल उजेडानं सरावलेली नजर फारशी मोडत नाही. तिला हे ठाऊक नव्हतं, हाताशी तोच रुमाल होता. मग हळूहळू आकाश वर येत गेलं. तू "बाबा, धूर" म्हणालीस, ती आकाशगंगा होती.

मी तुला व्याध दाखवला. त्याच्या उजेडाला इथवर यायला साडेआठ वर्षांहून थोडं जास्त लागतं. तू सातची. म्हणजे तू पाहत होतीस तो उजेड निघाला तेव्हा तू जन्मालाही आली नव्हतीस. तू बराच वेळ गप्प होतीस, मग विचारलंस, "मग त्याला कसं कळलं मी इथे असेन?" याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. तुझा थोरला आता सहाचा आहे, त्याच्यासाठीही हिशेब अजून जुळतो. दाखव त्याला.

एक तारा न लुकलुकता सरळ चालत गेला आणि आकाशाच्या मध्यावर विझला. धाकटा रडायला लागला, तारा मेला म्हणून. तो कृत्रिम उपग्रह होता, पृथ्वीच्या सावलीत शिरला की त्याच्यावरचं ऊन संपतं आणि तो दिसेनासा होतो. चार वर्षांच्या मुलाला हे समजावण्यापेक्षा "घरी गेला" म्हणणं सोपं होतं. म्हणालो.

मग थंडी. संध्याकाळी रातकिडे नुसते कालवा करत होते, जेवणं होईतो त्यांची लय संथ झाली, आणि मग एकेक करून गप्प. मला ती शांतता फार काव्यमय वाटली होती. मला काय ठाऊक, की त्यांच्या आवाजाच्या वेगावरून तापमान काढता येतं आणि अमोस डॉल्बेअर नावाच्या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं १८९७ सालीच त्याचं गणित मांडलंय! रातकिडे मला स्वच्छ सांगत होते की पारा उतरतोय, आणि मी वाहवा करत बसलो होतो.

थंडी वरून येते असं आपल्याला वाटतं, म्हणून आम्ही पांघरुणांची चळत नेली होती. अंगातली ऊब खरी जाते ती खाली, जमिनीत. आपण हवेच्या गाद्या नेल्या होत्या, त्यांच्यातली हवा आतल्या आत फिरत राहते आणि पाठीची ऊब जमिनीला नेऊन देते. त्याखाली किंवा त्याऐवजी फोमची साधी मॅट हवी होती. मुलांच्या अंगाचा पृष्ठभाग वजनाच्या मानानं जास्त, म्हणून ती आपल्याआधी गारठतात. मोठ्यांची स्लीपिंग बॅग त्यांना देऊ नकोस. द्यावीच लागली तर पायाकडचा रिकामा भाग दुमडून खाली घे, नाहीतर तेवढी हवा त्या एवढ्याशा जिवाला तापवावी लागते. झोपताना दिवसभराचे कपडे, मोजेसुद्धा, बदल. घामानं ओलसर असतात ते.

रात्री केव्हातरी धाकटा कुडकुडत उठला. आणि इथे मी काय करणार होतो ते ऐक. शेकोटीत निखारे होते. मी पत्र्याची बादली घेतली, निखारे भरले आणि तंबूत आणायला निघालो. तुझ्या आईनं दारातच माझा हात धरला. "कापडाला आग लागेल" म्हणाली. आमचं भांडण झालं, कुजबुजत, तुम्ही उठू नये म्हणून. मी चिडून बादली ओतून दिली. कार्बन मोनॉक्साइडबद्दल दोघांनाही काही माहीत नव्हतं. रंग नाही, वास नाही. बंद तंबूत निखारे किंवा स्टोव्ह ठेवला तर माणसं झोपेतच जातात. आग लागली नसती, चिऊ. तेच जास्त वाईट झालं असतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि आईनंही कधी काढलं नाही. तुझ्या नवऱ्यालाही हे वाचून दाखव.

मग आईनं धाकट्याला उचललं आणि दोघं गाडीत जाऊन झोपली. तू आणि मी तंबूत. आता थंडी आत यायला नको म्हणून मी काय केलं, तर तंबूच्या सगळ्या खिडक्या चेनी ओढून बंद केल्या. वरची हवा जायची झडपसुद्धा. दुपारी धुतलेला तुझा फ्रॉक, ओले टॉवेल, चिखलाचे बूट, सगळं आत घेतलं. आणि झोपलो.

तीनच्या सुमाराला तू मला हलवलंस. "बाबा, पाऊस."

थेंब पडत होते. तुझ्या कपाळावर, माझ्या हातावर. वाऱ्याची झुळूक आली, कापड थरथरलं की टपटप सरच यायची. मी टॉवेल घेऊन छत पुसायला लागलो. "हो, पाऊस आलाय, तू झोप." तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलीस. मी चेन उघडून डोकं बाहेर काढलं.

बाहेर आकाश स्वच्छ होतं. ढगाचा ठिपकाही नाही.

तो पाऊस आपलाच होता. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात पेलाभर तरी पाणी वाफ होऊन जातं. ओले कपडे वेगळेच. वाट सगळी बंद. आणि निरभ्र रात्री तंबूचं कापड आपली ऊब थेट आकाशाकडे सोडत राहतं, भोवतालच्या हवेहूनही गार होतं. त्या कापडाला आतली वाफ लागली की थेंबच थेंब. ज्या आकाशानं तुला आकाशगंगा दाखवली त्यानंच तंबू ओला केला. दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवल्या असत्या तर काही झालं नसतं.

सकाळी तू बाहेर आलीस. गवत दवानं भिजलेलं, त्यामुळे तुला शंका यायचं कारण नव्हतं. पण गाडीखालची माती कोरडीठाक होती आणि शेकोटीतली राख फुंकर मारली तर उडाली असती. मी उभा होतो तिच्यासमोर, ती तुझ्या नजरेआड राहावी म्हणून. तू धावत गाडीकडे गेलीस आणि काचेवर थापा मारत धाकट्याला ओरडून सांगितलंस, "आम्ही पावसात राहिलो! तू गाडीत पळालास, मी नाही पळाले!" तुझा तो चेहरा! तेव्हा कसं सांगणार, की बाबानं झडप बंद केली होती?

मग दर वर्षी सांगणं अवघड होत गेलं. तुझ्या गोष्टीत पाऊस दर खेपेला वाढतच गेला. मागच्या खेपेला तर विजाही होत्या. आणि ताऱ्यांनी गच्च भरलेलं आकाश नि मुसळधार पाऊस एकाच रात्रीत कसे, हे इतक्या वर्षांत ना कुणी ऐकणाऱ्यानं विचारलं, ना तू.

नवा तंबू दोन पदरी घे, आतला जाळीचा असतो तो. आधी घरातच उभा कर, पोरांना एक रात्र त्यात झोपव. खाणं तंबूत ठेवू नकोस, उशीखाली तर मुळीच नाही. आपल्या तंबूच्या कोपऱ्यात मनगटाएवढं ठिगळ आहे, आठवतंय? धाकट्यानं लपवलेल्या बिस्किटांसाठी उंदरानं पाडलेलं भोक आहे ते. मी तुम्हाला ठिणगी पडली म्हणून सांगितलं होतं. तर असं आहे माझं.

खिडक्या उघड्या ठेव. तरी त्यातूनही रात्री एखादं उठून "आई, पाऊस" म्हणालं, तर काय सांगायचं ते तू ठरव. "हो" म्हणालीस तर निदान घरी परतण्याआधी खरं सांगून टाक. नाहीतर तुलाही तीस वर्षांनी बसून पत्र लिहावं लागेल.

तुझा,
बाबा

ता. क. तंबू टाकून देतोय, पण खुंट्या चांगल्या आहेत, त्या पाठवतो. चौदा होत्या, तेरा भरल्या. चौदावी कुठे गेली ते धाकट्याला विचार.